भाजलेल्या रुग्णाच्या ड्रेसिंगसाठी व्हीआर हेडसेट कसा वापरावा : खान्देशातील रुग्णालयांसाठी मार्गदर्शन

भाजलेल्या रुग्णाला जखमेपेक्षा ड्रेसिंगची धास्ती जास्त असते, हे जळीत कक्षात काम केलेल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे. भाजणे एकदाच घडते, ड्रेसिंग मात्र रोज किंवा दिवसाआड, आठवडेच्या आठवडे चालते. वेदनाशामक दिलेले असले तरी चिकटलेली पट्टी सोडवताना, जखम धुताना आणि पुढे सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्ट हात-पाय हलवून घेताना जी कळ उठते, ती औषधाला पुरती दाद देत नाही. ड्रेसिंगची ट्रॉली दाराशी आली की काही रुग्ण रडू लागतात आणि लहान मुले आईला सोडत नाहीत. ठरावीक वेळी येणाऱ्या आणि ठरावीक वेळ टिकणाऱ्या या वेदनेसाठी आभासी वास्तवाचा, म्हणजे डोळ्यांवर बांधून चारही बाजूंना वेगळेच जग दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटचा, वापर जगात पाव शतकाहून अधिक काळ होत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील रुग्णालयांनी तो कसा सुरू करावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हेडसेट हा वेदनाशामक औषधाचा जोडीदार आहे, त्याला पर्याय नाही. हेडसेट आला म्हणून कोणाच्याही औषधाची मात्रा कमी करू नये किंवा वेळ पुढे ढकलू नये. एखाद्या रुग्णाला पुढे कमी औषध पुरते असे दिसले, तर तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदी पाहून घ्यावा. वॉर्डात हा नियम लेखी लावून ठेवावा, कारण औषधाचा साठा कमी असलेल्या दिवशी हेडसेटवर भागवण्याचा मोह होऊ शकतो आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

हे काम कसे होते

वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना वाटेतच कमी-जास्त होऊ शकतो, अशी मांडणी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये केली. वेदना जाणवण्यासाठी लक्षही लागते आणि माणसाजवळ लक्ष मर्यादित असते. ते दुसरीकडे पूर्ण गुंतले तर वेदनेच्या वाट्याला कमी येते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ पासून याच तत्त्वावर काम सुरू केले आणि त्यातून भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे आभासी जग तयार झाले. त्यात रुग्ण बर्फाच्या दरीतून संथपणे पुढे सरकतो आणि समोर येणाऱ्या हिममानवांवर व पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. सन २००० मध्ये त्यांनी भाजलेल्या दोन किशोरवयीन मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. साधा व्हिडिओ गेम खेळताना झालेल्या ड्रेसिंगपेक्षा हेडसेट लावून झालेल्या ड्रेसिंगमध्ये या मुलांनी वेदना कमी सांगितली होती. पुढे २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना नियंत्रित उष्णतेची वेदना देऊन मेंदूचे स्कॅन घेण्यात आले, तेव्हा वेदनेशी निगडित भागांतील हालचालही हेडसेटमुळे कमी झालेली दिसली.

या इतिहासातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की रुग्णाला नुसते बघायला देण्यापेक्षा काही करायला दिले तर परिणाम अधिक होतो, म्हणून नेम धरणे, वेचणे, मोजणे अशी कृती असलेला कार्यक्रम निवडावा. दुसरी अशी, की हात भाजलेल्या रुग्णाला हातातला कंट्रोलर धरता येत नाही, म्हणून नुसत्या नजरेने किंवा मान वळवून चालणारा कार्यक्रम हाताशी हवाच. हेडसेट विकत घेण्यापूर्वी अशा कार्यक्रमाची खात्री करून घ्यावी.

पुराव्याबद्दल प्रामाणिक राहिले पाहिजे. मुलांच्या वेदनेसाठी व्हीआरच्या वापराचा २०२० मधील कोक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणारा अभ्यास) १७ चाचण्या आणि १००८ मुलांवर आधारलेला होता, आणि उपलब्ध पुराव्याची खात्री कमी किंवा फारच कमी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. उपाय निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ होत नाही. तरीही आपल्या वॉर्डात तो खरोखर उपयोगी पडतो का, हे आपण स्वतः नोंद ठेवून तपासले पाहिजे, आणि ती नोंद कशी ठेवावी हे पुढे सांगितले आहे.

सुरुवात एकाच कामापासून

हेडसेट आला की प्रत्येक विभागाला तो हवासा वाटतो. दंतविभाग मागतो, बालविभाग मागतो, मानसोपचाराच्या ओपीडीतही कोणाला तरी कल्पना सुचते. माझे ठाम मत असे आहे की पहिले काही महिने तो एकाच वॉर्डात, एकाच कामासाठी आणि एका ठरलेल्या व्यक्तीच्या ताब्यात ठेवावा, आणि ते काम भाजलेल्या रुग्णाचे ड्रेसिंग असावे. चुलीचा भडका, स्टोव्ह, उकळते पाणी, शेतातील मोटारीचा शॉक अशा कारणांनी भाजलेले रुग्ण आपल्याकडे बारा महिने येत असतात. ड्रेसिंग वारंवार होते, त्यामुळे त्याच रुग्णात फरक पडला की नाही हे पाहता येते. ते पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, आणि उपयोग झाला किंवा नाही हे त्याच दिवशी रुग्णाच्या तोंडून कळते.

ताब्यात असणारी व्यक्ती शक्यतो सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट असावी. ड्रेसिंग करणारा आणि हेडसेट सांभाळणारा हे दोघे वेगळे हवेत, कारण ड्रेसिंग करणाऱ्याचे हात निर्जंतुक असतात आणि त्याने मध्येच पट्टा सैल करायला हात लावणे योग्य नाही. दुसरा माणूस मोकळा नसेल, त्या दिवशी हेडसेट वापरू नये.

यंत्र, ऊन आणि वीज

मोबाईल घालून वापरायचे पुठ्ठ्याचे चष्मे स्वस्त असले तरी ते जळीत कक्षात आणू नयेत. पुठ्ठा पुसून जंतुविरहित करता येत नाही, मोबाईल तापतो आणि चित्र सरकताना अडखळते, त्यामुळे मळमळ वाढते. स्वतंत्रपणे चालणारा, वायरीशिवाय वापरता येणारा हेडसेट घ्यावा. असे हेडसेट साधारण अर्धा किलो वजनाचे असतात. उदाहरणार्थ, मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटचे वजन ५१५ ग्रॅम आहे. अशक्त रुग्णाच्या मानेला हे वजन जाणवते, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला आधार देणारा पट्टा वेगळा घ्यावा. चेहऱ्याला टेकणारा कापडी किंवा स्पंजचा भाग काढून टाकून त्या जागी धुता येणारे सिलिकॉनचे आवरण बसवावे.

खान्देशात खरी अडचण उन्हाची येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बहुतेक हेडसेट ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात. त्याहून जास्त तापल्यावर यंत्र सूचना देऊन बंद पडते, आणि ते ड्रेसिंगच्या ऐन मध्यावर बंद पडले तर रुग्णाचा विश्वास उडतो. उन्हाळ्यात ड्रेसिंग सकाळी लवकर ठेवावे, हेडसेट वातानुकूलित खोलीत किंवा निदान कूलरच्या खोलीत ठेवावा, पण कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नये. गाडीत किंवा रुग्णवाहिकेच्या डॅशबोर्डवर तो क्षणभरही राहू देऊ नये. हेडसेटची भिंगे सूर्याकडे तोंड करून राहिली तर ती ऊन एकवटतात आणि आतला पडदा जळून कायमचा डाग पडतो. म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर हेडसेट ठेवायचा नाही आणि काम संपताच तो झाकणाच्या डब्यात जायलाच हवा. उन्हाळ्यातील वावटळीची धूळही या डब्यामुळे भिंगांवर बसत नाही. धूळ बसलेली भिंगे कोरड्या कापडाने घासली तर त्यांवर ओरखडे पडतात.

वीज गेली तर हेडसेट बॅटरीवर चालू राहतो, त्यामुळे भारनियमनाची तितकी चिंता नाही. पण एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. हे हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली पाहून रुग्णाच्या डोक्याची हालचाल ओळखतात. वॉर्डातले दिवे जाऊन अंधार झाला की त्यांना काही दिसत नाही, आणि रुग्णासमोरचे चित्र हलते किंवा थांबते. म्हणून ड्रेसिंगच्या खोलीतील निदान एक दिवा इन्व्हर्टरवर असावा. कार्यक्रम आधीच हेडसेटमध्ये उतरवून ठेवावेत. आयत्या वेळी इंटरनेटवर विसंबू नये. खाते रुग्णालयाच्या नावाने उघडावे, कोणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर यंत्र चालवू नये.

कोणाला लावू नये

फिट येणारे किंवा मिरगीचा इतिहास असलेले रुग्ण वगळावेत. मेटा कंपनीच्या सुरक्षा-सूचनांनुसार सुमारे चार हजारांतील एका व्यक्तीला लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे फिट येऊ शकते, आणि तशा व्यक्तीला आधी कधी फिट आलेली असतेच असे नाही. त्यामुळे फिट आल्यास काय करायचे, हे हेडसेट सांभाळणाऱ्या व्यक्तीला माहीत असले पाहिजे. चेहरा, कान किंवा टाळू भाजलेली असेल, डोक्याला मार असेल, डोळे आले असतील, चक्कर किंवा उलट्या सुरू असतील, रुग्ण गुंगीत किंवा भ्रमात असेल, तर हेडसेट लावू नये. केटामाइनसारखे गुंगीचे औषध देऊन ड्रेसिंग होणार असेल, तर नवख्या वॉर्डाने त्या वेळी हेडसेटच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना कानी आवाज येतात किंवा भास होतात, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय हेडसेट देऊ नये. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. उवा आणि खरूज तपासायला संकोच करू नये. दोन्ही पट्ट्यावाटे पसरू शकतात.

मेटाने २०२३ मध्ये आपल्या हेडसेटसाठीची किमान वयोमर्यादा १३ वरून १० वर्षांवर आणली. त्याहून लहान मुलांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आईच्या मांडीवर बसवून टॅबलेटवर काही दाखवणे पुष्कळदा पुरते, आणि त्यात आईचा चेहराही त्याच्या नजरेआड होत नाही.

प्रत्यक्ष सत्र

पहिले सत्र ड्रेसिंगच्या वेळी करू नये. आदल्या दिवशी, काही दुखत नसताना, रुग्णाला दोन मिनिटे हेडसेट दाखवावा. आधी तो त्याच्या हातात द्यावा, मग नातेवाइकाला लावून पाहू द्यावा आणि मग रुग्णाला लावावा. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या एखाद्या आजीने असे यंत्र कधीच पाहिलेले नसते. डोळ्यांवर काही बांधून हे लोक काय करणार, ही तिची भीती अगदी रास्त आहे. आपण काय करणार आहोत, कधीही ‘काढा’ म्हटले की लगेच काढू, हे तिला तिच्या भाषेत सांगितले पाहिजे. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारा कर्मचारी नसेल तर नातेवाइकाची मदत घ्यावी. संमतीपत्र मराठीत असावे, पण कागदावर अंगठा घेऊन काम संपले असे समजू नये. अठरा वर्षांखालील रुग्णासाठी पालकांची संमती हवीच, आणि मुलाची स्वतःची तयारीही हवी.

स्त्री रुग्णाबाबत विशेष काळजी घ्यावी. हेडसेट लावल्यावर तिला आजूबाजूचे काही दिसत नाही आणि त्याच वेळी तिचे अंग उघडे करून ड्रेसिंग चाललेले असते. खोलीत कोण कोण आहे हे तिला आधी नावानिशी सांगावे, पडदा लावावा, हेडसेट सिस्टरनेच लावावा आणि मध्येच कोणी आत आले तर तेही तिला सांगावे. डोक्यावरचा पदर, अंबाडा, कपाळावरची टिकली, केसांतली पिन, कानातली आभूषणे या सगळ्यांचा पट्ट्याशी संबंध येतो. टिकली आणि पिन तिला विचारून काढावी, पदराऐवजी डोक्यावर शस्त्रक्रियागृहात वापरतात तशी एकदा वापरून टाकायची टोपी घालावी. ही टोपी पुरुषांनाही घालावी, कारण आपल्याकडे केसांना तेल लावण्याची सवय आहे आणि तेल पट्ट्यात मुरले की ते निघत नाही.

ड्रेसिंगच्या दिवशीचा क्रम असा ठेवावा. डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी वेदनाशामक दिलेले असावे आणि त्याचा अंमल सुरू झालेला असावा. रुग्ण आडवा असेल तर कार्यक्रमात झोपून पाहण्याची सोय सुरू करून चित्र त्याच्या नजरेसमोर आणावे. हे राहून गेले तर त्याला समोर नुसते आकाश दिसते आणि तो मान वाकवत राहतो. चष्मा असेल तर तो आत बसतो का ते पाहावे. आधी पुढचा भाग डोळ्यांवर अलगद टेकवावा, रुग्णालाच तो धरू द्यावा, मग मागचा पट्टा ओढावा. आधी पट्टा आणि मग चेहरा असे केले की नाकाला झटका बसतो. अक्षरे स्पष्ट दिसेपर्यंत दोन भिंगांमधले अंतर जुळवावे, कारण धूसर चित्रामुळे डोके दुखते. आवाज अर्ध्यापेक्षा कमी ठेवावा, म्हणजे आपले बोलणे रुग्णाच्या कानी पडते.

चित्र सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटे काहीच करू नये. रुग्ण त्या जगात रमला की मगच ड्रेसिंग करणाऱ्याने पट्टीला हात लावावा, आणि हात लावण्यापूर्वी ‘आता डाव्या पायापासून सुरू करतो’ असे सांगावे. न सांगता केलेला पहिला स्पर्श रुग्णाला दचकवतो आणि मग सगळे लक्ष पुन्हा जखमेकडे जाते. शेजारी बसणाऱ्याने रुग्णाच्या चांगल्या हातावर हात ठेवून अधूनमधून विचारत राहावे. ‘माय, कसं वाटस?’, ‘बाबा, चक्कर येस का?’ एवढे दोन प्रश्न पुरतात. ‘दुखस का?’ हे मात्र सत्र चालू असताना विचारू नये, कारण तो प्रश्नच लक्ष वेदनेकडे वळवतो. त्याऐवजी काय दिसते, किती मारले, पुढे काय आले असे विचारावे. रुग्णाला दिसणारे चित्र मोबाईलवर किंवा टॅबलेटवर पाहता येते, त्यामुळे हे प्रश्न नेमके विचारता येतात.

रुग्ण गप्प झाला, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, सारखे आवंढे गिळू लागला किंवा हात हेडसेटकडे गेला, तर त्याच्या सांगण्याची वाट न पाहता हेडसेट काढावा. ही मळमळीची पूर्वलक्षणे असतात. डोळे ‘आपण हलतोय’ असे सांगतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगते, त्या गोंधळातून ती येते. म्हणून वेगाने धावणारे, उडणारे, झोके खाणारे कार्यक्रम वगळावेत आणि एकूण वेळ वीस मिनिटांपुढे नेऊ नये. ड्रेसिंग लांबले तर मध्ये विश्रांती घ्यावी. शेवटची पट्टी बांधून झाल्यावरही दोन मिनिटे चित्र चालू ठेवावे, मग डोळे मिटायला सांगून हेडसेट काढावा आणि रुग्णाला पाच मिनिटे तसेच पडून राहू द्यावे. लगेच उठवून चालवू नये.

स्वच्छता

जळीत कक्षात जंतुसंसर्ग हा जिवाशी खेळ असतो, त्यामुळे या भागात कोणतीही सवलत नाही. प्रत्येक रुग्णानंतर सिलिकॉनचे आवरण काढून रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण समितीने मान्य केलेल्या द्रावणाने पुसावे, ते पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्याला लावू नये, आणि म्हणून दोन आवरणे जवळ ठेवावीत. कंट्रोलर, पट्टा आणि बाहेरचा भाग उत्पादकाने चालेल म्हटलेल्या ओल्या पुसणीने पुसावा. भिंगांवर मात्र कसलेही द्रावण फवारू नये. आधी फुंकणीने धूळ उडवावी आणि मग मऊ मायक्रोफायबर कापडाने हलकेच पुसावे. विलगीकरणातील रुग्णासाठी वापरलेला हेडसेट त्या दिवशी दुसऱ्या कोणालाही देऊ नये. पुसल्याची वेळ आणि पुसणाऱ्याची सही डब्यावर लावलेल्या तक्त्यात करावी.

आपल्या मुलखातील चित्रे

परदेशी कार्यक्रमांत समुद्रकिनारे आणि पाइनची जंगले असतात. बर्फ कधी न पाहिलेल्या रुग्णालाही बर्फाच्या जगाने थंडावा वाटतो, त्यामुळे ते टाळायची गरज नाही. तरीही मन शांत करण्यासाठी ओळखीची जागा आणि ओळखीचा आवाज अधिक उपयोगी पडतो, आणि हे काम आपण स्वतः करू शकतो. चारही बाजूंचे चित्रण करणारा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला तिकाटण्यावर लावावा, पाच मिनिटे अजिबात न हलवता चित्रण करावे, आणि चित्रण करणाऱ्याने झाडाआड किंवा भिंतीआड जावे. पावसाळ्यानंतरचा तोरणमाळचा तलाव, प्रकाशा गावाजवळचा तापीचा घाट, यावल-रावेरकडची केळीची बाग, पाटणादेवीचा हिरवा डोंगर अशा जागा त्यासाठी योग्य आहेत. त्यावर अहिराणीत शांत आवाजात श्वासाच्या सूचना ध्वनिमुद्रित कराव्यात: सावकाश श्वास घेणे, थोडा थांबणे आणि त्याहून सावकाश सोडणे.

मात्र जागा निवडताना रुग्णाची हकिगत विचारात घ्यावी. शेतात विजेच्या तारेने भाजलेल्याला शेत दाखवू नये, चुलीवर भाजलेल्या बाईला अंगणातली पेटलेली चूल दाखवू नये, आणि कर्जापायी स्वतःला जाळून घेतलेल्या शेतकऱ्यापुढे कपाशीचे रान उभे करू नये. स्वतःला इजा केलेल्या रुग्णाला हेडसेटआधी मानसोपचाराची गरज असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे त्याला जोडून द्यावे आणि घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा.

इतर उपयोग

ड्रेसिंगचे काम बसले की पुढचे पाऊल फिजिओथेरपीचे असावे. लकवा झालेल्या रुग्णासाठी २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात ७२ चाचण्या आणि २४७० रुग्ण होते. नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिल्याने हाताला विशेष जास्त फायदा दिसला नाही. नेहमीच्या व्यायामात भर म्हणून दिल्याने मात्र फायदा दिसला. तेव्हा व्यायामाचा वेळ वाढवण्यासाठी त्याचा वापर करावा, तोही हात असलेल्या खुर्चीत रुग्णाला बसवून आणि शेजारी माणूस उभा करून.

सातपुड्याच्या आदिवासी भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. सुई लावताना किंवा वेदनेच्या झटक्यात मुलाचे मन गुंतवायला हेडसेट कामी येऊ शकतो, पण द्रव आणि वेदनाशामक आधी सुरू झालेले असले पाहिजे.

जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये आठ आठवड्यांच्या एका व्हीआर कार्यक्रमाला मान्यता दिली, त्यात २ ते १६ मिनिटांची ५६ सत्रे आहेत. कापूस वेचून, भारे उचलून कंबर धरलेल्या बायका-पुरुषांसाठी असा कार्यक्रम मराठीत व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. भीतीच्या विकारांवर व्हीआरचा उपयोग होतो हे बार्बरा रोथबॉम यांनी उंचीच्या भीतीवर १९९५ मध्ये दाखवून दिले, पण तो उपचार प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञानेच करायचा असतो. जळीत कक्षातल्या हेडसेटवर तो करून पाहू नये.

नोंद आणि निर्णय

प्रत्येक सत्रानंतर रुग्णाला शून्य ते दहा या मापावर चार गोष्टी विचाराव्यात: सर्वांत जास्त दुखले तेव्हा किती दुखले, ते किती असह्य वाटले, त्यातला किती वेळ दुखण्याचाच विचार मनात होता, आणि मळमळ किती झाली. आकडे कळत नसतील तर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवावा. औषधाचे नाव, मात्रा आणि वेळही त्याच ओळीत लिहावी. शक्य असेल तेथे एकाच रुग्णाचे एक ड्रेसिंग हेडसेटसह आणि पुढचे त्याविना करावे, आणि बाकी सर्व तेच ठेवावे: तीच सिस्टर, तेच औषध, तीच वेळ. हेडसेटविना ड्रेसिंग करायला रुग्ण नको म्हणाला, तर त्याचे ऐकावे आणि तसे लिहून ठेवावे. ते नको म्हणणे हीदेखील नोंद आहे. रुग्णाचे नाव, आवाज किंवा चित्रण हेडसेटमध्ये साठवू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि रुग्णालयही त्याच्या कक्षेत येते. बाहेरून आणलेला कार्यक्रम उपचाराचा दावा करत असेल, तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे त्याची नोंदणी आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे.

तीन महिन्यांनी डॉक्टर, सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी एकत्र बसून हा तक्ता पाहावा. वेदनेचे आकडे बहुतेक रुग्णांत खाली आले असतील, मळमळीमुळे थांबवावी लागलेली सत्रे थोडी असतील आणि संसर्गाची एकही घटना नसेल, तरच दुसऱ्या वॉर्डाचा विचार करावा आणि त्या वॉर्डासाठी दुसरा हेडसेट मागावा. एकच हेडसेट दोन वॉर्डांत फिरवू नये. हेडसेट सांभाळणाऱ्या सिस्टरची बदली झाली, तर नव्या सिस्टरने निदान आठवडाभर तिच्या शेजारी बसून काम पाहिल्यावरच डब्याची किल्ली तिच्या हाती द्यावी.